पोरगी धडाधड वाचते, मग मार्क कमी का?

पालकसभा संपली, चहा झाला, माणसं पांगली. एक बाप तेवढा मागे राहिला. मुलगी चौथीत. हातात तिची उत्तरपत्रिका. म्हणाला, "सर, छोकरी धडाधड पढती. पूरी किताब पढके दिखाती. फिर भी मार्कां कम कायकू आते?"

प्रश्न खरा होता. मी मुलीला बोलावलं आणि एक धडा काढून दिला. तिने खरंच धडाधड वाचला. जोडाक्षरं अडली नाहीत, आवाज खणखणीत. बापाच्या चेहऱ्यावर "बघा, मी सांगत नव्हतो?" असं लिहिलेलं.

मग मी विचारलं, "शेतकऱ्याने बैल का विकला?"

तिने पुस्तकात बोट फिरवलं, "बैल विकला" हे शब्द शोधले आणि ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं. मी म्हटलं, "बरोबर. पण का विकला?" तिने पुढचं वाक्य वाचलं. पुन्हा विचारलं, तर आधीचं वाक्य वाचलं. शेवटी मी आपल्या बोलीवर आलो. "बेटा, बैल कायकू बेचा उन्ने?" ती थोडा वेळ गप्प बसली. मग हळूच म्हणाली, "सर, दुष्काळ म्हणजे काय?"

म्हणजे अख्खा धडा ज्या शब्दावर उभा होता, तोच तिला माहीत नव्हता. मी म्हटलं, "सूखा पड्या." ती लगेच बोलली, "हौ, फिर चारा नै रहा होयेंगा."

चाऱ्याबद्दल त्या धड्यात एक अक्षर नव्हतं. ते तिने स्वतःच्या डोक्याने जोडलं. एवढी हुशार मुलगी, आणि उत्तरपत्रिकेत तिला वीसपैकी सात.

वाचणं म्हणजे दोन कामं

वाचनाच्या अभ्यासात एक साधी मांडणी फार वापरली जाते. फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या दोघांनी ती १९८६ साली मांडली. वाचन म्हणजे दोन गोष्टींचा गुणाकार. एक, अक्षरं ओळखून शब्द उच्चारणं. दुसरी, ती भाषा ऐकून समजणं. बेरीज नाही, गुणाकार. म्हणजे एक बाजू शून्य असेल तर दुसरी कितीही मोठी असली तरी उत्तर शून्यच येतं. त्या मुलीची पहिली बाजू भरलेली होती. दुसरी रिकामी होती, आणि चार वर्षं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण ती न अडखळता वाचत होती. अडखळणाऱ्या मुलाकडे निदान मास्तरांचं लक्ष तरी जातं.

इथे आपल्या घरांपुरती एक गोष्ट मोकळेपणाने बोलायला हवी. आपली बहुतेक मुलं पाच-सहा वर्षांची झाली की मकतबात जातात. कायदा, हिज्जे, मग सबक. अक्षराला अक्षर जोडून आवाज काढायची जी शिस्त तिथे लागते, ती शाळेच्या वाचनाला थेट उपयोगी पडते. रोज ठरलेल्या वेळी बसणं, ओळीवर बोट ठेवणं, एका आवाजाचा फरक कानाने पकडणं, हे आपली मुलं मकतबात शिकतात. मी वर्गात पाहिलंय, मकतबात नियमित जाणारं मूल पहिलीत बाराखडी लवकर उचलतं.

पण तिथे मुलाची अशी समजूत होऊन बसते की वाचणं म्हणजे बिनचूक आवाज काढणं. तिलावत ही वेगळी गोष्ट आहे. तिचे आदाब वेगळे, तिचं मोल वेगळं. त्या वयात अरबीचा अर्थ मुलाला कोणी विचारत नाही. शाळेचं पुस्तक मात्र अर्थासाठीच असतं. मोठ्यांना हा फरक सांगावा लागत नाही, मुलाला सांगावा लागतो, आणि आपण सांगत नाही. "इधर पढने का मतलब, समझके मेरेकू बताने का," एवढं एकदा नीट सांगितलं तरी मूल पुस्तकाकडे वेगळ्या नजरेने बघू लागतं.

उर्दू माध्यमातल्या मुलांवर तर आणखी भार आहे. उर्दू उजवीकडून डावीकडे, मराठी आणि इंग्रजी डावीकडून उजवीकडे. पहिली-दुसरीतच तीन लिप्या. २०२० च्या कायद्यानुसार राज्यातल्या सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. उर्दू शाळांत ती त्याच्याही आधीपासून शिकवली जाते. उर्दूत ज़बर, ज़ेर, पेश सहसा लिहीत नाहीत, वाचणारा अंदाजाने ओळखतो. देवनागरीत प्रत्येक स्वर लिहावाच लागतो. म्हणून कधी कधी अशा मुलाच्या वहीत "दिवस"चा "दवस" होतो आणि "मुलगा"चा "मलगा". हा ढिलेपणा नव्हे. एका लिपीचा नियम त्याने दुसरीला लावला. त्याला फक्त सांगायचं, "बेटा, मराठीत ज़ेर-पेशसुद्धा लिहायचे असतात." मी हे एका मुलाला सांगितलं तेव्हा तो "अच्छा!" असं इतक्या जोरात ओरडला की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले.

"घरात मराठी बोला" हा सल्ला

पालकांना शाळेतून हा सल्ला हमखास मिळतो. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण सल्ला अर्धवट आहे. अम्मीला मराठी जेमतेम येते. मग ती मुलाशी मोडक्या मराठीत "हे खा, ते ठेव, अभ्यास कर" एवढंच बोलू लागते. दादीच्या गोष्टी बंद होतात, घरातल्या गप्पा आटतात. मुलाला मराठी तर नीट मिळत नाहीच, वर त्याची स्वतःची बोलीही पातळ होते. ज्या मुलीला दख्खनीत "सूखा" माहीत होता, तिला "दुष्काळ" शिकायला एक क्षण पुरला. जिला सूखा हीच कल्पना माहीत नाही, तिला "दुष्काळ" पाठ करून काही उपयोग नाही. शब्द नंतर येतो. आधी ती गोष्ट डोक्यात असावी लागते, आणि ती घरच्या बोलीतच येते.

तेव्हा घरात दख्खनी असो, उर्दू असो की कोकणी, ती भरपूर बोला. बाजारात काय झालं, बिजली का गेली, नानीच्या लहानपणी विहिरीचं पाणी कसं आटलं होतं, सगळं. मराठीसाठी मोहल्ल्यातले मराठी मित्र, शाळा, बातम्या आणि पुस्तकं आहेत.

आणि आपली दख्खनी मराठीपासून काही फार लांब नाही. आपण "मेरेकू नक्को" म्हणतो, तो नक्को म्हणजे मराठीतला "नको". "मैंइच जाताऊं" मधला शेवटचा च हाही मराठीचाच, "मीच जातो" मधला. भाषांचे अभ्यासक हे कधीचं सांगून बसलेत. उर्दूत "मैंने आम खाया", दख्खनीत "मैं आम खाया", मराठीत "मी आंबा खाल्ला". इथे दख्खनी मराठीच्या बाजूने उभी आहे. मुलाला हे दाखवून द्या. आपल्या घरची बोली लाज वाटण्यासारखी नाही, उलट ती मराठीकडे जायची पायवाट आहे, हे कळलं की मागच्या बाकावरचं मूल पुढे सरकतं. मी सरकताना पाहिलंय.

मुलं चुकतात ती बहुतेक ठरावीक जागी. सगळ्यात मोठी जागा म्हणजे नपुंसकलिंग. उर्दू-दख्खनीत दोनच लिंगं, मराठीत तीन. किताब ती, म्हणून मूल म्हणतं "माझी पुस्तक". घर तो, म्हणून "माझा घर". पानी तो, म्हणून "पाणी आला". वर्गात हशा होतो आणि मूल त्या दिवसापासून हात वर करणं बंद करतं. एका लिंगापायी पोर गप्प होतं, हे मी एकदा नाही, अनेकदा बघितलंय. उपाय साधा आहे. नवा शब्द शिकवताना नुसता शब्द द्यायचा नाही, "ते पुस्तक", "ते घर", "ते पाणी", "ती खिडकी", "तो दरवाजा" असा जोडीने द्यायचा. आणि चुकल्यावर हसायचं नाही. तो "माझी पुस्तक हरवली" म्हणाला तर आपण सहज म्हणावं, "तुझं पुस्तक हरवलं? कुठं ठेवलं होतंस?" बरोबर रूप त्याच्या कानावर गेलं, आणि बोलणंही तुटलं नाही.

ज्या पालकांना मराठी वाचता येत नाही

त्या बापाने मला हेच विचारलं होतं. "सर, हम कैसे पढाना? हमकूच नै आता." मी म्हटलं, तुम्हाला शिकवायचं नाहीच, तुम्ही फक्त ऐकायचं.

रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटं. मोबाईल दुसऱ्या खोलीत, टीव्ही बंद. मुलीने एक पान वाचायचं. मग पुस्तक मिटायचं आणि आपल्या बोलीत सांगायचं, काय झालं. पुस्तक मिटणं महत्त्वाचं आहे. उघडं राहिलं तर ती पुन्हा वाक्य शोधून वाचेल. तिला सांगता आलं तर समजलं. नाही सांगता आलं तर तेच पान पुन्हा, पण आधी जो शब्द अडला तो विचारून घ्यायचा. घरात कोणालाच माहीत नसेल तर वहीत लिहून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी शाळेत सरांना विचारायचा. मास्तरांना असा प्रश्न विचारणारं मूल फार आवडतं, हे मी माझ्या जातभाईंच्या वतीने सांगतो.

वाचताना मूल अडलं की आपण लगेच शब्द सांगून टाकतो. थांबा. मनात पाचपर्यंत मोजा. बहुतेक वेळा ते स्वतःच काढतं, आणि स्वतः काढलेला शब्द विसरत नाही. नाहीच निघाला तर सांगून मोकळं व्हा, त्यावर भाषण नको. मोठा भाऊ शेजारी बसून खिदळत असेल तर त्याला आधी उठवा, किंवा त्यालाच धाकट्यासाठी वाचायला बसवा. सातवीतल्या कच्च्या मुलाने पहिलीतल्या बहिणीसाठी सोपं पुस्तक वाचलं तर त्याला कमीपणा वाटत नाही आणि त्याचाही सराव होतो.

एकच गोष्ट मुलाला दहादा वाचावीशी वाटली तर वाचू द्या. आपल्याला कंटाळा येतो, त्याला नाही. प्रत्येक वेळी अक्षरांवरचा जोर थोडा कमी होतो आणि अर्थाकडे लक्ष जातं. केंद्र सरकारच्या निपुण भारत योजनेत, जी जुलै २०२१ मध्ये सुरू झाली, तिसरी संपताना मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत असं लक्ष्य ठेवलंय. त्यातला "समजून" हा शब्द धरून ठेवा. घड्याळ लावून बसू नका. घड्याळ दिसलं की मूल पुन्हा धडाधड सुरू होतं.

पुस्तकं कुठून आणायची? बालभारतीचं "किशोर" मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीवर या संकेतस्थळावर मराठी आणि उर्दू दोन्ही भाषांत चित्रांची गोष्टीची पुस्तकं आहेत, वाचायच्या पातळीप्रमाणे लावलेली, पैसे न देता. अनेकदा एकच गोष्ट दोन्ही भाषांत सापडते. उर्दू माध्यमाच्या मुलाने आधी उर्दूत वाचावी, मग मराठीत. अर्थ आधीच माहीत असल्याने मराठीची भीती अर्धी होते. उर्दूसाठी "बच्चों की दुनिया"सारखी मासिकं आहेत. आणि काहीच नसेल तर एसटीची पाटी, वीजबिल, रेशन दुकानाचा फलक, औषधाचं पाकीट, लग्नाची पत्रिका. आमच्याकडे एक मुलगा अख्ख्या बसस्थानकाच्या पाट्या वाचून वाचायला शिकला. बाप तिथे फळांचा गाडा लावायचा.

आपल्या प्रत्येक जलशात "इक्रा"वर भाषण होतं, टाळ्या पडतात. जलसा झाल्यावर त्या मोहल्ल्यात मुलांच्या पुस्तकांचं एक कपाट तरी उभं राहिलं का, हे विचारणारा सापडत नाही. मशिदीलगतच्या खोलीत किंवा कोणाच्या ओट्यावर शंभर पुस्तकांची पेटी ठेवायला फार पैसा लागत नाही. एका लग्नातल्या मंडपाच्या झालरीपेक्षा कमी लागतो.

शिरखुर्मा वहीत चालतो का?

आता लिहिण्याबद्दल. वाचनापेक्षा इथे परिस्थिती जास्त बिकट आहे, कारण शाळेत जे लिखाण होतं त्यातलं बरंचसं उतरवून काढणं असतं. फळ्यावरून वहीत, गाईडमधून वहीत. निबंधसुद्धा पाठ. "माझा आवडता सण" दिला की पाचवीच्या वर्गात पन्नास मुलं तोच दिवाळीचा निबंध लिहितात. आकाशकंदील, उटणं, फराळ, सगळं जागच्या जागी. दिवाळी साजरी करणाऱ्या मुलांचंही त्यात स्वतःचं काही नसतं, मग आपल्या मुलांचं कुठून असणार?

एक वर्षी मी गाईड बंद करून सांगितलं, तुमच्या घरात जे झालं तेच लिहा. एक मुलगा बराच वेळ पेन्सिल चावत बसला. मग जवळ येऊन कानात विचारलं, "सर, शिरखुर्मा वहीत लिहिला तर चालतो का?"

पाच वर्षं शाळेत येणाऱ्या मुलाला वाटत होतं की त्याच्या घरातलं काही वहीत येऊ शकत नाही. त्याला कोणी मनाई केली नव्हती. फक्त आजवर कोणी विचारलं नव्हतं.

चालतो म्हटल्यावर त्याने दीड पान लिहिलं. एरवी चार ओळींच्या वर जात नसे. चाँदरातला गच्चीवर कोण कोण चढलं, शेवया भाजताना अम्मीने कशी झारी उगारली, नव्या कुर्त्याला गुंडी कशी नव्हती आणि फुफीने ईदगाहच्या वाटेवर ती कशी टाकून दिली. चुका भरपूर. "दूध आटवला", "चंद्र दिसली", "शेवई खाल्लो". तुम्ही पालक असाल तर हात लाल पेनाकडे जाईल. माझाही गेला होता.

तेव्हापासून मी एक पद्धत पाळतो, घरीही ती चालते. आधी वाचून मजकुराला उत्तर द्यायचं. "गुंडी नंतर सापडली का रे?" मुलाला कळतं की त्याचं लिहिलेलं कोणीतरी खरंच वाचलं. मग चुकांपैकी फक्त एक जात निवडायची. त्या दिवशी मी लिंग निवडलं: दूध आटवलं, चंद्र दिसला. बाकीच्या चुका तशाच राहू दिल्या. सगळं पान लाल केलं तर पुढच्या वेळी मूल तेवढंच लिहितं जेवढं चुकणार नाही, म्हणजे पुन्हा चार ओळी. मग त्यानेच ते पान दुरुस्त करून पुन्हा लिहिलं आणि वर्गात वाचलं. पोरं हसली, पण यावेळी गुंडीला हसली.

घरी लिहायला निमित्त लागतं. कोकणातल्या आणि आपल्याकडच्याही कितीतरी घरांत अब्बू आखातात असतात. पूर्वी पत्रं जायची, आता व्हॉइस मेसेज जातो. मुलाला आठवड्यातून एकदा पाच-सहा ओळी कागदावर लिहू द्या, फोटो काढून पाठवा, आणि तिकडून अब्बूंनीही लिहून उत्तर द्यावं. बाजाराची यादी मुलाकडून लिहून घ्या. दादीची बिर्याणी कशी करायची ते तिच्या तोंडून ऐकून मुलाने मराठीत लिहावं, त्यात "दम" कसा द्यायचा हे सांगताना त्याला जो विचार करावा लागेल तो दहा निबंधांत लागत नाही.

शाळेत काय विचारायचं

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. आपल्या अनेक भगिनी या समित्यांवर आहेत, पण सही करून परत येतात. पुढच्या बैठकीत तीनच प्रश्न विचारा. पुस्तकांच्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे? मुलांना पुस्तक घरी नेता येतं का? आठवड्यात वाचनाचा तास खरंच होतो का? भांडायचं कारण नाही. विचारणारं कोणी आहे हे कळलं तरी कपाट उघडतं.

घाई यासाठी आहे की पाचवी आणि आठवीला राज्यात २०२३-२४ पासून वार्षिक परीक्षा आली. तीत आणि नंतरच्या पुनर्परीक्षेतही मूल उत्तीर्ण झालं नाही तर त्याच वर्गात थांबावं लागतं. आणि वाचून समजत नसेल तर ते फक्त मराठीत दिसत नाही. गणितातलं शाब्दिक उदाहरण, परिसर अभ्यासातला प्रश्न, सगळीकडे तेच अडतं. वजाबाकी येते, पण वजाबाकी करायची हे प्रश्नातून कळत नाही. अशा मुलाला गणिताची ट्यूशन लावून पैसा वाया जातो.

काही महिने असं नियमित करूनही अक्षरं उलटसुलट होत राहिली, ओळ सुटत राहिली, तर मुलाला रागावण्याआधी डोळे आणि कान तपासून घ्या. तेही ठीक असतील तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती मान्य आहे आणि प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. आपल्याकडे यावर तावीज आणि मार आधी होतो, तपासणी फार उशिरा.

तो चौथीच्या मुलीचा बाप नंतर दोन-तीन महिन्यांनी बाजारात भेटला. इशानंतर रोज बसतात म्हणाला. तक्रार घेऊनच आला होता. "सर, अब पढती कम, झगडती ज्यादा. कहानी में राजा ऐसा कायकू किया, पूछती. मेरेकू क्या मालूम?" मी म्हटलं, तिलाच विचारा. म्हणाला, "पूछा ना. बोली, राजा को किसी ने ना बोलाच नै था." मग त्याने पिशवीतून एक पातळ पुस्तक काढून दाखवलं, वीस रुपयांचं, कोपरे दुमडलेले, आणि विचारलं, या लेखकाची आणखी कुठे मिळतील.